रेंजर आग लावतो तेव्हा

वनखात्यात एकतीस वर्षं काढली. त्यातले बहुतेक उन्हाळे जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून ठेवलेले पट्टे) काढण्यात आणि ओल्या डहाळ्यांनी वणवे झोडपण्यात गेले. त्यामुळे जूनमध्ये लेकीकडे उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनला गेलो असताना काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर गणवेशातला रेंजर हातातल्या डब्यातून पेटतं तेल गवतावर ठिबकवत निवांत चाललेला दिसला, तेव्हा मी गाडीतच ओरडलो, “अगं थांबव, थांबव!”

“बाबा, ते त्यांचं कामच आहे,” लेक म्हणाली.

दुपारी काकाडूतल्या उबिरच्या कातळाखाली एका बिनिंज, म्हणजे तिथल्या आदिवासी, रेंजरनं सगळं उलगडून सांगितलं. काकाडू जवळपास २०,००० चौरस किलोमीटरचं. कारभार मूळ मालक आणि सरकार मिळून बघतात. माझ्या नोकरीत गावकरी आमच्यापुढे अर्ज घेऊन उभे राहायचे. इथे मालकच गणवेशात!

ऋतू त्यांचेही सहाच, आपल्यासारखे. (मला उगाच आनंद झाला.) सध्याचा येग्गे. वूलीबट नावाच्या निलगिरीला केशरी फुलं धरली की रानात तुकड्यातुकड्यानं आग लावायची. गवतात अजून ओल असते, रात्री दव पडतं, आग गुडघ्याच्या वर चढत नाही आणि आपोआप विझते. तेच गवत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तिथल्या कोरड्या ऋतूच्या अखेरीपर्यंत, राहिलं तर ज्वाळा शेंड्याला भिडतात. मी मात्र निम्म्या वेळा कॅलेंडर बघून जाळरेषा पेटवल्या, झाड बघून नाही.

वर कातळावर टास्मानियन वाघाचं (नावाचाच वाघ, खरा पिशवीवाला पट्टेरी प्राणी) जुनं चित्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो प्राणी किमान २,००० वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. मोठ्या वणव्याच्या धगीनं असे कातळ तडकतात, पापुद्रे सुटतात, चित्रं जातात. म्हणून आसपासचं गवत आधीच जाळून टाकायचं. पावसाचं पाणी चित्रावर उतरू नये म्हणून वर सिलिकॉनची बारीक कड बसवलेली असते. घराच्या छज्ज्याला पागोळीसाठी काढतो ना, तशीच. शिवाय चित्रांवरची कुंभारमाशीची घरटी काढणं. हे असलं बारीकसारीक काम पाहुण्यांना दिसतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना त्याच जागी गाडी थांबवायला लावली. काळ्या पट्ट्यावर घारी उतरल्या होत्या. राखेवर तळवा टेकवला. गार. चार पावलांवरचं न जळलेलं गवत अजून दवानं ओलं होतं.