पाडव्याच्या रात्री लोणारच्या वाटेवर

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. दुपारी श्रीखंडपुरी हाणून मी आणि दादा जालन्याहून लोणारला निघालो, पण निघता निघता संध्याकाळच झाली. सिंदखेडराजा मागे टाकलं आणि एका टपरीवर चहाला थांबलो. आदल्याच दिवशी अमावस्या झालेली, त्यामुळे आकाश काळंभोर, मृग पश्चिमेकडे कललेला, बाजूला व्याध चमकत होता.

पावणेआठच्या सुमारास टपरीवाले काका ओरडले, "ओ भाऊ, ते पाहा, काय व्हय ते!"

पश्चिमेकडून पूर्वेकडे निखाऱ्यांची रांगच चालली होती हो! पुढे दोन-तीन मोठे ठिपके, मागे ठिणग्यांच्या लांब शेपट्या, आणि आवाज अजिबात नाही. काका म्हणाले इमान पेटलं, दादा म्हणाला उल्का. मलाही आधी उल्काच वाटली, पण मी सवयीने मनात आकडे मोजत होतो, वीस झाले, तीस झाले तरी ते आपलं चालूच, तेव्हा खात्री पटली की ही उल्का नाही.

कारण उल्का वातावरणात शिरते तीच सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने, कधी कधी ७० च्या वर. तारा तुटला म्हणेपर्यंत संपतो, मोठा अग्निगोल असला तरी काही सेकंदच. पृथ्वीभोवती फिरणारं रॉकेटचं धूड मात्र ८ च्या आतबाहेर वेगाने, अगदी तिरकं, जवळजवळ आडवंच आत येतं, म्हणून असं सावकाश तुटत तुटत आकाशभर जातं. काकांना वाटलं ते पलीकडच्या शेतातच पडलं, पण जळताना ते कितीतरी किलोमीटर उंचावर असतं. खरी उल्कासुद्धा साधारण २० किलोमीटर उंचीपर्यंत विझते, उरलाच तर दगड पुढे अंधारातच खाली येतो. म्हणून असं काही दिसलं तर व्हिडिओच्या आधी घड्याळ बघा, कुठून कुठे गेलं ते एखाद्या झाडाच्या, खांबाच्या खुणेने लक्षात ठेवा, आणि सेकंद मोजा. माझं कळकळीचं सांगणं आहे हे.

रात्री लोणारला पोचेपर्यंत मोबाईलवर बातम्या सुरू झाल्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं होतं, जवळजवळ ३ मीटर व्यासाचं! आमच्या टपरीपासून ३०० किलोमीटरहून लांब. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितलं की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा.

सकाळी विवराच्या काठावर उभे राहिलो. पावणेदोन किलोमीटरहून रुंद, बेसॉल्टच्या कातळात उल्का आदळून पडलेला खड्डा, खाली हिरवट पाणी. लोणार मी आधीही पाहिलंय, पण आदल्या रात्रीनंतर तो वेग पहिल्यांदाच अंगावर आला. दादा बराच वेळ गप्प होता, मग मोबाईलमधला कड्याचा फोटो माझ्यापुढे धरून म्हणाला, "हे असलं पडलं असतं तर इथे साधा ओरखडाही उठला नसता ना रे?"