गणिताचं निवासी उन्हाळी शिबिर: अर्जापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत माझा अनुभव

गणिताच्या निवासी शिबिराला जायचं म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो: पुढच्या वर्षीचा पोर्शन तिथे करून घेतात का? नाही घेत. गणितज्ञ आर्नॉल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत असं शिबिर सुरू केलं आणि साध्या गोष्टींचा खोलवर विचार करा, हे त्याचं सूत्र ठेवलं. बोस्टन विद्यापीठात १९८९ पासून चालणारं प्रॉमिस (PROMYS) हे शिबिर त्याच वळणाचं. दोन्हींचा मुक्काम सहा आठवड्यांचा आणि दोन्हींचा गाभा नंबर थिअरी, म्हणजे पूर्णांकांचे गुणधर्म. याच धाटणीच्या शिबिरातून मी गेले. तिथे नेमकं काय करावं लागतं आणि गाडं कुठे अडतं, ते इथे लिहिते आहे.

खरी निवड अर्जातल्या गणितांवर होते. शाळेतले गुण बघतात, पण आठ-दहा गणितांचा तो संच निर्णायक असतो. मुदत काही आठवड्यांची असते आणि ती पूर्ण वापरावी. आधी कच्च्या वहीत तारखा टाकून सगळे प्रयत्न ठेवावेत, फसलेले सुद्धा. पक्कं लिखाण शेवटच्या आठवड्यात. एखादं गणित अर्धंच सुटलं तर ते गाळायचं नाही. किती उदाहरणं तपासली, काय आढळलं, कुठे अडलं, हे स्पष्ट लिहायचं. तपासणाऱ्याला उत्तरापेक्षा विचार कसा चालतो हे हवं असतं. इंटरनेटवर उत्तर शोधायचं नाही आणि कोणी मदत केली असेल तर तसं नमूद करायचं. उसनी सिद्धता अर्जात खपली तरी शिबिरात दुसऱ्याच दिवशी उघडी पडते, कारण तिथे फळ्यासमोर उभं करून "हे कशावरून?" असं विचारतात.

अशा गणिताचा एक नमुना बघू. कोणत्या संख्या लागोपाठच्या दोन किंवा अधिक धन पूर्णांकांची बेरीज म्हणून लिहिता येतात? १ ते २० पर्यंत तक्ता केला की १, २, ४, ८, १६ उरतात, म्हणजे २ चे घात. बहुतेक जण इथे "म्हणून उत्तर २ चे घात सोडून सर्व" असं लिहून थांबतात. हा फक्त अंदाज झाला. सिद्धतेला दोन बाजू लागतात. पहिली बाजू सोपी आहे. पदांची संख्या गुणिले पहिल्या व शेवटच्या पदाची बेरीज, हा गुणाकार मूळ संख्येच्या दुप्पट असतो. या दोन अवयवांपैकी एक नेहमी सम आणि दुसरा विषम येतो, आणि विषम अवयव १ पेक्षा मोठा असतो. २ च्या घाताच्या दुपटीला असा विभाजकच नाही, म्हणून ते घात बाद. उलट बाजूला, म्हणजे बाकीच्या सगळ्या संख्या खरंच अशा लिहिता येतात हे दाखवण्यात, खाचखळगे आहेत. १४ घ्या. विषम विभाजक ७, म्हणून १४ भागिले ७ म्हणजे २ मध्यावर ठेवून सात पदं लिहायची: −१, ०, १, २, ३, ४, ५. बेरीज १४ आली, पण ऋण पद आणि शून्य चालत नाही. −१, ० आणि १ एकमेकांना खोडतात आणि २+३+४+५ उरतं. आता दोनपेक्षा कमी पदं उरणार नाहीत कशावरून? एकूण पदं विषम, खोडली गेलेली पदंही विषम, म्हणून उरलेली पदं सम. बेरीज धन असल्यामुळे ती शून्य असू शकत नाहीत, म्हणजे किमान दोन. ही एक ओळ बहुतेकांच्या लिखाणात नसते, आणि तपासणारा नेमकी तीच शोधत असतो.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना किमान चार आठवडे आधी विचारावं. सोबत एक पान द्यावं: शिबिर काय आहे, मुदत कधी संपते, वर्गाबाहेर आपण कोणतं गणित केलं. "हुशार व मेहनती आहे" एवढ्याने काम होत नाही. एखाद्या गणितावर आपण कसा विचार केला हे शिक्षकांनी लिहिलं तर पत्राला वजन येतं. शुल्कात सवलत हवी असेल तर तो अर्ज बहुधा वेगळा असतो आणि त्याला पालकांच्या उत्पन्नाची कागदपत्रं लागतात. लाजून तो टाळू नये. निवड झाली की वैद्यकीय फॉर्म आणि पालकांचं संमतिपत्र लगेच भरून टाकावं. डॉक्टरांची सही मिळायला वेळ लागतो आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

सामानात कपडे कमी चालतील, कागद कमी पडता कामा नयेत. सुटे कागद, फायली, पेनं, गजराचं घड्याळ (रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवता यावा म्हणून), सामायिक न्हाणीघरासाठी स्लिपर, थंडगार व्याख्यानगृहासाठी स्वेटर, कानात घालायचे बोळे. औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह.

दिवसाची घडी साधी असते: सकाळी तासाभराचं व्याख्यान, मग गणितांचा रोजचा कागद, आणि उरलेला सगळा दिवस तो सोडवण्यात. मार्गदर्शक म्हणून कॉलेजची मुलं असतात, ती लिखाण तपासून शेरे देतात. व्याख्यान मुद्दाम कागदाच्या मागून चालतं. आज ज्याच्याशी झुंजलो त्याचा सिद्धांत काही दिवसांनी फळ्यावर येतो, त्यामुळे आज काहीच कळलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

एक प्रकार खास शिकण्यासारखा आहे: विधान सिद्ध करा किंवा खोडून काढा, आणि खोडलंत तर जमेल तेवढं वाचवा. उदाहरणार्थ, "दोन संख्या एखाद्या संख्येला निःशेष भागत असतील तर त्यांचा गुणाकारही भागतो." ४ आणि ६ दोन्ही १२ ला भागतात, २४ मात्र भागत नाही. विधान पडलं. आता वाचवा: दोन्ही संख्या सहमूळ असतील, म्हणजे त्यांचा मसावि १ असेल, तर ते खरं ठरतं. पण हे सिद्ध करायला मसाविबद्दलची जी गोष्ट आपण शाळेत गृहीत धरून चालतो, तीच आधी सिद्ध करावी लागते. मला या शिबिरांचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं.

दुसऱ्या आठवड्यात कागद साठायला लागतात. जवळजवळ प्रत्येकाचे साठतात. जुने संपवून मग आजचा घेऊ असं ठरवलं की माणूस कायमचा मागे पडतो. मी लावून घेतलेली रीत अशी: आजचा कागद आधी, त्यातली तीन गणितं नीट सिद्धतेसह, बाकीची उदाहरणं आणि अंदाजापुरती. जुन्यासाठी दुपारचा एक ठरावीक तास, त्याहून जास्त नाही. रात्री अकरानंतर नवं गणित उघडायचं नाही. जागून लिहिलेल्या सिद्धतेत चूक नेमकी "हे उघड आहे" या शब्दांखाली लपते.

शेजारच्या मुलाने सगळा कागद संपवला हे ऐकून हातपाय गाळू नयेत. त्याने हे आधी वाचलेलं असतं किंवा त्याच्या लिखाणात मोठी भगदाडं असतात. चर्चा करावी, पण फळा पुसून आपल्या जागेवर येऊन एकट्याने लिहावं. एकट्याने लिहिता आलं नाही तर ते समजलेलं नाही. खोलीतल्या सोबत्याशी दिवे, गजर आणि फोनच्या वेळा पहिल्याच रात्री बोलून घ्याव्यात. घरी फोन दिवसाआड, ठरलेल्या वेळी. ताप आला किंवा झोप उडाली तर त्याच दिवशी मार्गदर्शकाला सांगावं. दोन दिवस अंगावर काढलं की आठवडा जातो.

शेवटच्या आठवड्यात नवं कमी करून फाइल लावावी: तारखेनुसार कागद, शेऱ्यांसह. न सुटलेली गणितं वेगळ्या पानावर, प्रत्येकापुढे आपण कुठवर पोचलो ते. मार्गदर्शकाकडे उत्तर मागू नये, पुढे काय वाचावं ते विचारावं. दुसऱ्या वर्षी परतणाऱ्यांना वरच्या पातळीची व्याख्यानसत्रं मिळतात आणि स्वतंत्र कामाला जास्त वाव असतो. तसा विचार असेल तर निघण्यापूर्वीच मार्गदर्शकाच्या कानावर घालावं आणि पुढच्या अर्जाची मुदत विचारून घ्यावी.