दहा रुपये घ्यायचेच

आमच्या घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी म्हाताऱ्या माणसांचं जेवण असतं. मी काही त्या चर्चची नाही. आमचं घर पद्मशाली, घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ. शाळेचे युनिफॉर्म शिवून देणं हा माझा धंदा. तिथल्या महिला मंडळातल्या एका मावशींनी स्वयंपाकाचे एप्रन बेतून द्यायला बोलावलं होतं. एप्रन शिवून झाले, पण तोवर माझ्यापुढं कोथिंबिरीच्या जुड्या येऊन पडल्या होत्या. तेव्हापासून बुधवारी मशीन बंद.

सोलापुरात पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक म्हणजे आधी पाण्याचा हिशेब. नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांआड, आणि ती पाळी काही बुधवार बघून येत नाही. म्हणून हॉलच्या मागं बॅरल भरून झाकून ठेवलेले असतात. भाजी आदल्या दिवशी लक्ष्मी मंडईतून तरुण संघाची पोरं आणतात, आणि मेथीऐवजी शेपू आणला म्हणून दर वेळी शिव्या खातात. भाकरी मालदांडी ज्वारीचीच, पण कडक नाही. आपल्या गावाची कडक भाकरी कितीही नावाजलेली असली तरी इथं निम्म्यांच्या तोंडात दात नाहीत. पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, चांगलं मळायचं, आणि भाकरी झाली की कापडात गुंडाळून ठेवायची. शेंगाचटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली. वरण-भात, एक पालेभाजी, ताक. साखर असलेली बरीच माणसं आहेत, त्यामुळं गोड फक्त नाताळच्या आठवड्यात.

पाळकसाहेब दोन वाक्यांत प्रार्थना आटोपतात, कारण भात गार होतो हे त्यांनाही कळतं. कोण आमेन म्हणतं, पलीकडचे एक चाचा बिस्मिल्ला म्हणून घास घेतात, आमच्या अव्वा (तेलुगूत आजी) नुसत्याच हात जोडतात. यावरून कधी वाद झालेला मी बघितला नाही. वाद झाला तो दहा रुपयांवरून.

दाराशी एक पत्र्याचा डबा आहे, झाकणाला फट पाडलेली. येणाऱ्यानं जेवणाचे दहा रुपये त्यात टाकायचे. डबा मुद्दाम खांबाआड ठेवलाय. कोणी टाकले, कोणी नुसता हात फिरवला, हे बघायला तिथं कोणी बसत नाही. दहा रुपयांत आजकाल कटिंग चहा येतो. जेवणाचा खर्च निघतो तो चर्चच्या दानार्पणातून, आणि कापणीच्या सणाला लोक जे धान्य वाहतात त्यातून. नॅपकिनसुद्धा एका टॉवेल कारखानदारानं दिलेले सेकंडचे, काठ वाकडे असलेले.

मध्यंतरी एक दाते आले. वर्षभराचा सगळा किराणा देतो म्हणाले. अट एवढीच की डबा काढून टाका, जेवण मोफत करा, आणि दारावर फ्लेक्स लावा, 'ज्येष्ठांसाठी मोफत अन्नदान'. सोबत त्यांचा फोटो. कमिटीतल्या निम्म्या लोकांना हे पटलं होतं. गॅस सिलिंडरचे पैसे कोणाच्या खिशातून जातात हे माहीत असणाऱ्याला पटणारच. मी कमिटीत नाही, पण भांडी घासता घासता बोलायला कमिटीत असावं लागत नाही.

मी म्हटलं, साचेवाल्या आजोबांना विचारा. आजोबांचं आयुष्य लक्ष्मी-विष्णू कापड मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, गेलं. मिल बंद पडली तेव्हा मुलं शाळेत होती. आज पेन्शन किती? या पीएफच्या पेन्शनीत कमीत कमी हजार रुपये द्यायचे असं 2014 साली ठरलं, तो आकडा अजून तिथंच आहे. पण हा माणूस बुधवारी इस्त्रीचा सदरा घालून येतो, डब्यात नाणं टाकतो, ताट पुढं आलं की वरणाकडं बघतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "काय ओ, आज नळाला पाणी आलंय वाटतं. वरणात दिसतंय."

फ्लेक्सखाली बसलेला माणूस असं बोलेल का? अन्नदानाच्या ताटाला नावं ठेवायची सोय नसते. मिळेल ते खायचं आणि वर फोटोसाठी हसायचं.

आमच्या अव्वांचंही तसंच. लहानपणापासून विड्या वळल्या. बोटांच्या रेषा इतक्या झिजल्यात की सरकारी पैशासाठी यंत्रावर अंगठा ठेवला की उमटत नाही. पुसून ठेव, ओला करून ठेव, दुसरं बोट ठेव, मागं रांग कुरकुरतीय. हयात असल्याचा पुरावा द्यायला जिवंत माणूस तासभर उभा! तीच बोटं आमच्याकडं शेपू निवडताना बघावीत. नजर समोरच्याशी गप्पा मारण्यात, आणि अंगठा देठावरून असा सरकतो की पानं सुपात आणि काडी खाली. मध्येच माझी जुडी ओढून घेतात. "तुझी पानं कारखान्यात बाजूला काढली असती," हे वर. त्यांना कामावरून कोणी उठवलं तर जेवायला येणार नाहीत, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

दात्यांना शेवटी पाळकसाहेबांनीच सांगितलं की डबा राहील, फ्लेक्स नको, किराणा द्यायचा तर आनंदानं घेऊ. ते परत आले नाहीत. मला वाईट वाटलं नाही असं नाही, तूरडाळीचा भाव मलाही माहीत आहे. त्या महिन्यात दोनदा वरणाऐवजी पिठलं झालं, आणि पिठल्यावर आजोबांचं वेगळं म्हणणं होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता ऊन वाढतंय. एप्रिल-मे मध्ये साडेबाराला कोणी उन्हात चालत येऊ नये म्हणून पंगत अकराला बसेल, आणि ताकाची पातेली दोन होतील. माझ्या मात्र याच दिवसांत युनिफॉर्मच्या ऑर्डरी असतात, जून संपेपर्यंत मान वर होत नाही. तेव्हा मऊ भाकरी थापता येणारं कोणी वाचत असेल तर बुधवारी सकाळी आठला या. परात आमच्याकडं आहे. ताटाला नावं ठेवलेली चालत असतील तरच या.