कठड्याच्या अलीकडे

कामाच्या पत्रात मागणी स्पष्ट होती: दिव्यांगांसाठी स्वतंत्र विरंगुळा कोपरा, प्रवेशद्वाराजवळ. टेकडी पुण्यातली, नाव सांगत नाही. पायथ्याशी फाटक, माथ्यावर पाण्याची टाकी, टाकीपुढे सपाट कातळ आणि तिथून खाली अर्धं शहर. संध्याकाळी झाडून सगळी गर्दी त्या कातळावर असते. आणि दिव्यांगांनी बसायचं कुठे, तर खाली, पार्किंगच्या धुरात.

मी लँडस्केप आर्किटेक्ट. मला तो कोपरा पहिल्यापासून पटला नव्हता, पण रॅम्पचं गणितही बसत नव्हतं. फाटकापासून कातळापर्यंत चढ 24 मीटर. नियमाने रॅम्पचा उतार जास्तीत जास्त एकास बारा, म्हणजे 288 मीटर नुसता रॅम्प. शिवाय दर नऊ मीटरला विसाव्याची सपाट जागा. तो बांधायला कातळ फोडावा लागला असता आणि बांधूनही त्यावरून व्हीलचेअर ढकलत वर जाणारा माणूस मला काही डोळ्यांसमोर येईना.

वाट सापडली ती मागच्या अंगाने. टाकीच्या देखभालीच्या गाड्या वर जाव्यात म्हणून टेकडीमागून डांबरी रस्ता आहे. टाकीपासून कातळापर्यंतचा उतार एकास तीसच्या आत. आपल्याकडे पायाने अधू असलेली कितीतरी माणसं मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर फिरतात, परदेशी पुस्तकांतल्या नकाशांत ही स्कूटर कुठेच नसते. ती थेट टाकीपर्यंत येऊ शकते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत मिस्त्रीने कातळावर फक्की मारून आखणी केली आणि आम्ही काही जणांना बोलावलं. लहानपणी पोलिओ झालेले एक काका स्कूटरवर आले, घडीची व्हीलचेअर मागे बांधून. दृष्टिहीन असलेल्या एक संगीतशिक्षिका आल्या, त्यांना सगळे बाई म्हणत. मोठ्या मुलाला चाकाच्या खुर्चीत घेऊन एक आई आली. तिने नकाशाकडे बघितलंही नाही. म्हणाली, "मॅडम, आधी संडासाचं बोला. वर नसेल तर आम्ही अर्ध्या तासात खाली." नकाशात तो खालीच होता. टाकीमागच्या जुन्या पंपघराची खोली त्यासाठी तिथल्या तिथे ठरली.

बाईंना रॅम्पचं कौतुक नव्हतं. "वळणावळणाच्या रॅम्पवर मला दिशाच कळत नाही. मला पायऱ्या द्या, सगळ्या एका उंचीच्या, आणि हाताने धरायला मधे न तुटणारा कठडा." मी हौसेने सुगंधी फुलांचा वाफा दाखवायला गेले, तर हसून म्हणाल्या, "सगळे आम्हाला मोगराच का हो हुंगायला लावता? मी इथे वाऱ्याला येते. खालची वाहतूक इथून समुद्रासारखी वाजते." वाफा रद्द केला. खरं सांगायचं तर त्याला पाणी कोण घालणार हा प्रश्नही त्याबरोबर सुटला.

मग काका फक्कीच्या रेषेवरून खुर्ची ढकलत कठड्यापाशी गेले. जुना, घडीव दगडाचा कठडा, मीटरभराहून उंच आणि दीड फूट जाड. टेकडीवर फिरायला येणारे त्याच्यावर कोपरं टेकून शहर बघतात.

"काय दिसतंय काका?"

"दगड." थोडं थांबून म्हणाले, "चांगलाय दगड. आणि लांब सिंहगडावरचा टॉवर. मधलं पुणं तुम्ही सांगा."

मीही शेजारी उकिडवी बसले. त्या उंचीवरून खालचं शहर जवळजवळ सगळं कठड्याआड जात होतं.

पुढचा सगळा वेळ त्या कठड्यातच गेला. आमच्याबरोबरचे तरुण अभियंता म्हणाले, कठडा अर्धा उतरवू, वर रेलिंग लावू. मिस्त्री म्हणाला, "साहेब, अर्धा ठेवला की पोरं त्याच्यावर उभी राहणार." बरोबर होतं, उरलेल्या दगडाची पायरी होते आणि रेलिंगची उंची तेवढी फुकट जाते. म्हणून काही लांबीत दगड पूर्ण काढायचा आणि जमिनीपासूनच उभ्या सळ्या लावायच्या, दोन सळ्यांत दहा सेंटिमीटरहून कमी फट, आडवी पट्टी मधे कुठेच नाही. खाली चार इंची उंबरठा, म्हणजे पुढची छोटी चाकं तिथे अडतील.

राहिली वरची आडवी पट्टी. नेहमीची उंची एक मीटर दहा. मिस्त्रीने आणि त्याच्या पोऱ्याने तेवढ्या उंचीवर सुतळी ताणून धरली. काका म्हणाले, "ही बरोबर माझ्या बुबुळावर आली." सुतळी वर सरकू लागली. "अजून. अजून थोडी. बास." मिस्त्रीने लाकडी पट्टीवर गेरूने खूण केली, टेप लावला, एक मीटर तीस भरलं. उभ्या माणसाची नजर तिच्यावरून जाते, बसलेल्याची खालून. माझ्या हातातल्या कुठल्याही पुस्तकात हा आकडा नव्हता.

अभियंत्यांना खर्चाची धास्ती होती. "मॅडम, दिव्यांगांसाठी जागा सुगम करण्याची 2021 ची ती केंद्राची नियमावली म्हणजे नुसत्या मार्गदर्शक सूचना. बंधनकारक थोड्याच आहेत?" हा युक्तिवाद मी बरीच वर्षं ऐकत आलेय, पण आता तो जुना झालाय. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याला बंधनकारक निकष अपेक्षित आहेत, नियम मात्र सूचनांवरच थांबतात. सरकारला सक्तीचे निकष करायला सांगितलं. अभियंत्यांनी निकालाची प्रत मागून घेतली. माणूस भला, पण सहीसाठी कागद हवाच.

जमिनीवरून फारसा वाद झाला नाही. कडा तासलेले पेव्हिंग ब्लॉक नकोत, काकांच्या भाषेत त्यावरून खुर्ची गेली की दात वाजतात. मुरूम पावसाळ्यात चिखल होतो आणि गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरतं. खरखरीत पृष्ठभागाचं काँक्रीट ठरलं, आणि गटारावरच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या. बाकांची रांग सलग न ठेवता दोन बाकांमधे खुर्चीएवढी जागा सोडली. काकांची बायको बाकावर बसणार आणि ते तिच्या शेजारी; मागे किंवा रस्त्यात नाही.

दरम्यान काकूंचा फोन आला. त्या नातवाला घेऊन पुढच्या फाटकाने पायऱ्या चढत होत्या आणि निम्म्यावर धापा टाकत थांबल्या होत्या. काका फोनवर म्हणाले, "मी वर पोचून बसलोय. सावकाश ये." मग आमच्याकडे बघून खूश होऊन, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी हे वाक्य बोललो."

कठड्याचं काम पावसाआधी उरकलं. टाकीच्या रस्त्याची किल्ली ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. सुरक्षेची त्यांची काळजी अगदीच गैर नाही, शेवटी पिण्याचं पाणी आहे. शेवटच्या पत्रात त्यांनी विचारलंय, आलेला स्कूटरवाला खरंच दिव्यांग आहे हे पहारेकऱ्याने ओळखायचं कसं. उत्तर काकांनी स्वतः लिहून दिलंय आणि मी ते जसंच्या तसं जोडलंय: "स्कूटरला मागे दोन जादा चाकं असतात. मोजायला सांगा."