ब्रह्मगिरीची फेरी जरूर करा, फक्त तो शॉर्टकट घेऊ नका

आधीच सांगून टाकते. रात्री अंधारात कोणी ‘ताई इकडून या, दीड किलोमीटर वाचतं’ असं म्हणालं तर हसून मान डोलवायची आणि डांबरी रस्त्याने चालत राहायचं. बाकी खाली सगळं लिहिलंय पण ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांना एवढं पुरे.

तिसऱ्या श्रावणी सोमवारची फेरी आमच्या सासूबाईंनी वर्षानुवर्षं केली, गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हाच थांबल्या. यंदा घरात नवीन जाऊबाई आल्यात, त्यांची शिवामूठ चालू आहे (महादेवाला मूठभर धान्य वाहायचं, पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्याला मूग, चौथ्याला जवस, लग्नानंतर पाच वर्षं), तर सासूबाई म्हणाल्या की मूग त्र्यंबकलाच वाहा आणि जाताय तशी फेरीही करून या. मी विचारलं आई किती चालावं लागतं, तर म्हणे काही नाही गं, गप्पा मारत मारत होते, सकाळी चहाला घरी. हे वाक्य लक्षात ठेवा.

मी, जाऊबाई, भाऊजी आणि आमची नणंद असे चौघं निघालो. नवऱ्याने ऐनवेळी कंबर दुखतेय म्हणून सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फेरी म्हणजे ब्रह्मगिरीवर चढायचं नसतं, डोंगराला पायी वळसा घालायचा असतो. आमच्या नणंदेला शेवटपर्यंत वाटत होतं की आता वर चढायचंय. वर गोदावरीचा उगम आहे तो वेगळा, गंगाद्वारच्या पायऱ्याही वेगळ्या, त्याला वेगळा दिवस काढा. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची आणि हरिहर गडाला धरून मोठी फेरी असते ती ४० च्या आसपास, ती करणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. माझ्या घड्याळात लहान फेरीचेच २४ भरले, त्यातले जास्तीचे कुठून आले ते पुढे कळेलच.

जाताना गाडी काढू नका, काढलीत तरी त्या दिवशी त्र्यंबकच्या अलीकडेच अडवतात. शिवाय सिंहस्थ २०२७ ला आहे त्यामुळे रस्त्याची कामं काढलीयेत, मध्येच खडी, मध्येच बॅरिकेड. सरळ नाशिकच्या मेळा स्थानकावरून एसटी पकडा, जादा गाड्या असतात, बायकांना निम्मं तिकीट लागतं आणि तीसेक किलोमीटरच तर आहे. आम्ही रविवारी रात्री नऊला घरून निघालो, त्र्यंबकला पोचायला साडेअकरा झाले. गाडीत उभं राहायला लागलं पण सगळी गाडी ‘हर हर महादेव’ करत होती त्यामुळे कळलं नाही.

कुशावर्तावर अंघोळ करून फेरीला लागायचं असतं. गौतम ऋषींनी गंगेला इथे दर्भाने अडवलं अशी कथा आहे. त्या रात्री मात्र तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त होती, आम्ही ओंजळभर पाणी डोक्याला लावलं आणि निघालो. कपडे बदलायची सोय शोधत बसू नका, अर्धा तास त्यात जातो आणि पुढे पावसात भिजायचंच आहे.

साडेबाराला निघालो. प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने. इथपर्यंत छान आहे. दर थोड्या अंतरावर कुठलंतरी मंडळ चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी फुकट वाटत असतं, पाऊस भुरभुर, गार वारा, बायका अभंग म्हणत चाललेल्या, एक आजोबा तर अनवाणी आमच्या पुढे निघून गेले ते परत दिसलेच नाहीत. एवढं पुरे, छान होतं.

आता मुद्द्याचं.

कोजुली मागे पडलं आणि साधारण पहाटेच्या चारला एका वळणावर दोन पोरं बॅटरी घेऊन उभी होती. गळ्यात काहीतरी ओळखपत्रासारखं अडकवलेलं, त्यामुळे आम्हाला वाटलं स्वयंसेवक असतील. म्हणाली पुढे रस्त्यावर गर्दी तुंबलीय, इकडून बांधाने गेलात की दीड किलोमीटर वाचेल, सगळे इकडूनच चाललेत. आणि खरंच पुढे वीस-पंचवीस जण चाललेले दिसत होते. आमच्या भाऊजींना शॉर्टकट हा शब्द ऐकला की राहवतच नाही. वळलो.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग बांध अरुंद झाला, एका पावलाएवढा, दोन्हीकडे भाताची आवणी झालेली खाचरं पाण्याने भरलेली, आणि बांध म्हणजे काय तर नुसता गारा. पाय टाकला की घोट्याच्या वर आत जातो आणि बाहेर काढताना चप्पल आतच. माझे फ्लोटर्स होते, पट्ट्याचे, म्हणून टिकले, नणंदेची एक सँडल तिथेच गेली, हात घालून शोधली पण सापडली नाही, पुढे बिचारी एका पायात सँडल आणि एका पायात कॅरीबॅग बांधून चालली. मागे वळावं तर मागून लोक येतायत, बांधावर दोन माणसं शेजारी मावत नाहीत. पुढे एक ओहोळ लागला, दिवसा बघितला असता तर उडी मारून गेले असते, पण रात्री पाणी किती खोल आहे कळत नाही, भाऊजी आधी उतरले, मांडीपर्यंत पाणी, मग आम्ही तिघी एकमेकींचे हात धरून. तिथे जाऊबाई घसरल्या, लागलं नाही पण पाठीवरची पिशवी पूर्ण पाण्यात. मूग त्याच पिशवीत.

त्यानंतर चढ. चढ मोठा नाही हो, पण शेवाळलेला कातळ आणि वरून पाणी वाहतंय, लोक अक्षरशः बसून चढत होते. एका काकूंना दोघांनी वर ओढलं. ज्याला रोज पाच-सात किलोमीटर चालायची सवय आहे त्याला २० किलोमीटर काही वाटणार नाही, पण हा टप्पा चालण्याचा नाहीच. दीड किलोमीटर वाचवायला आम्हाला पावणेदोन तास लागले, आणि वाचलं काहीच नाही, उलट चार जास्त झाले.

वर आलो तर काय, समोर रस्ता आणि रस्त्याला लागून एक टपरी, तिच्या शेजारी पाण्याची टाकी आणि तीन जीपगाड्या रांगेत उभ्या. चहा ३० रुपये, तोही अर्धा कप. पाय धुवायचे २० रुपये. मी विचारलं एका माणसाचे का एका पायाचे, तो हसला पण नाही. खिचडी १०० रुपये, आणि ती इतकी गार की चमचा उभा राहत होता. आणि जीपवाला म्हणतो ताई थकलात, त्र्यंबकला सोडतो, माणशी २५०. मी विचारलं किती लांब आहे, म्हणे आठ किलोमीटर. शेजारच्या एका बाईंनी सांगितलं चारच आहे.

आता मला सांगा, ती बॅटरीवाली पोरं, तो बांध आणि तो टपरीवाला यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल का? पुरावा माझ्याकडे नाही. पण पाय धुताना मला जी शंका आली ती आली.

खरं सांगायचं तर मी जीपमध्ये बसायला तयार होते. हजार रुपये जाऊ देत म्हणलं. भाऊजी पण तयार. जाऊबाईच अडून बसल्या, म्हणे फेरी पायी बोललेय, पायीच करणार, तुम्ही बसा. पायाला हा एवढा फोड आलेला. आता नवीन सून चालतेय आणि मोठी जीपमध्ये बसलीय हे घरी कळलं तर मला वर्षभर ऐकावं लागलं असतं, चालले मुकाट्याने. नणंदेला सँडलच नव्हती पण तीही चालली. टपरीवर प्लास्टिकच्या चपला होत्या विकायला, १५० रुपये, बाजारात साठ-सत्तरला मिळतात तसल्या, तिने रागाने घेतल्या नाहीत. ते चूक केलं, घ्यायला हव्या होत्या, दोन दिवस तिचा पाय सुजलेला होता. लुटतायत हे कळत असलं तरी चप्पल घ्यायची, चहा घ्यायचा नाही, असा माझा सल्ला.

पुढचं गणपतबारीपर्यंत आणि तिथून त्र्यंबक, मला फारसं आठवत नाही. उजाडलं होतं, ढग खाली उतरलेले, डोंगरावरून धबधबे सुटलेले, लोक फोटो काढत होते. मी खाली बघून चालत होते.

नऊला त्र्यंबकला पोचलो. दर्शनाची रांग बघूनच पाय गळाले, कोणी म्हणे पाच तास, कोणी म्हणे सात. फेरी करून लगेच दर्शनही करायचं असं ठरवून जाणाऱ्यांनी तो नाद सोडा. बाहेरून कळसाला हात जोडा आणि मंदिर नीट बघायला एखाद्या साध्या बुधवारी, श्रावण संपल्यावर जा, नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं हे काळ्या दगडाचं काम गर्दीत मान वर करून बघताच येत नाही. शिवामूठ आम्ही रस्त्याकडेच्या एका छोट्या महादेवाला वाहिली. पिशवी उघडली तर मूग फुगून टम्म. जाऊबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. तिथले गुरव म्हणाले, वाहा वाहा, महादेवाला काय सुके आणि काय ओले.

परतीला पुन्हा एसटीच. रांग मोठी दिसते पण सरकते, आम्ही पाऊण तासात गाडीत होतो. रांगेच्या बाजूला खासगी गाड्यावाले ‘नाशिक नाशिक’ ओरडत फिरतात, आम्हाला २०० पासून भाव सुरू झाला आणि गाडी भरेपर्यंत १२० वर आला, म्हणजे घाई नसेल तर तेही थांबून घेता येतं, पण मी म्हणेन एसटी.

न्यायचं सामान म्हणाल तर पट्ट्याचे फ्लोटर्स किंवा जुने बूट, साधी चप्पल अजिबात नको. बॅटरी प्रत्येकाची वेगळी, मोबाईलच्या लाईटवर राहू नका, पावसात मोबाईल हातात धरून बांधावर तोल सांभाळून दाखवा मला. छत्रीचा उपयोग शून्य. सगळं सामान आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग सॅकमध्ये, मूग असतील तर दोन पिशव्यांत. पाण्याची एकच बाटली पुरते, भरायला जागोजागी मिळतं. खायचं काही नेऊ नका, रस्त्यावर मंडळं इतकं खाऊ घालतात की उपास आहे हे विसरायला होतं. आणि सुटे पैसे ठेवा, पाचशेची नोट दिली की टपरीवाल्याकडे सुटे नसतातच.

आणि रस्ता कसा ओळखायचा? जिथे बायका, म्हातारी माणसं आणि भजनं आहेत तो रस्ता. जिथे नुसती तरणी पोरं भरभर चाललीयेत तो नाही.

घरी पोचलो बारा वाजता. चहाला नाही, जेवायलाही उशीर. सासूबाईंनी भगर आणि दाण्याची आमटी करून ठेवली होती, मी दोनदा वाढून घेतली, संध्याकाळी सोडायचा तो उपास वगैरे काही राहिलं नाही डोक्यात (भगर उपासाचीच असते, त्यामुळे मोडला नाही असं मी धरलंय). जेवता जेवता सगळी कथा सांगितली, बांध, ओहोळ, सँडल. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, तो ओहोळ ना, तिथे माझी पण एक चप्पल गेलीय, तेव्हा आम्हाला पण कोणीतरी असंच सांगितलं होतं.

मी म्हणलं आई, मग आधी का नाही सांगितलं?

तर म्हणे, सांगितलं असतं तर गेला असतात का?

वाहून उरलेले मूग होते मूठभर, मंगळवारी सकाळी बघितले तर त्यांना मोड आलेले. उसळ केली, फरसाण होतंच घरात, पाव आणले, वर कांदा मात्र नाही कारण श्रावण. नणंद पाय उशीवर ठेवून खात होती आणि विचारत होती पुढच्या वर्षी कुठल्या तारखेला आहे तिसरा सोमवार.