पऱ्हाटीवरचं पाणी

पौषात दिवस उजाडताना सडकेवरून गावाकडे पाहिलं, की घरांवर धूर बसलेला दिसतो. घरोघरी गॅस आला तरी हा धूर गेला नाही, कारण तो स्वयंपाकाचा नाहीच, आंघोळीच्या पाण्याचा आहे. गॅसवर चहा मांडावा, वरण शिजवावं, पाहुणे आले तर पोहे परतावेत. पण आंघोळीचं पाणी गॅसवर ठेवणारा माणूस आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत उधळ्या समजला जातो. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर एका झटक्यात ५० रुपयांनी महागलं, तेव्हापासून तर कुणी तसा विचारही बोलून दाखवत नाही. पाणी तापतं अंगणातल्या चुलीवर, पऱ्हाटीवर.

कपाशी वेचून संपली की वावरात जी वाळकी झाडं उभी राहतात, ती पऱ्हाटी. तिला सागाच्या लाकडासारखा दम नाही. भुरकन पेटते, तडतडते, मधेच एखाद्या बोंडात राहून गेलेला कापूस फक्कन जळतो, आणि बघता बघता राख. म्हणून या चुलीपाशी कुणीतरी बसून राहावंच लागतं, सारखं आत सारत. आमच्याकडे हे काम मायचं. डोक्यावरून लुगड्याचा पदर, हाताशी पऱ्हाटीचा ढीग, पुढ्यात जर्मनचा गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं मोठं पातेलं. गंज काळा पडू नये म्हणून बुडाला ती मातीचा लेप देते, तरी वरचा काठ काळाकुट्ट झालेलाच आहे. पाण्याला वाफ धरली की हाक येते, "उठ बावा, पानी निवते."

पारा कधी कधी आठ-नऊ अंशांवर उतरतो. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी तट्टे, खाली एक मोठा फाडीचा दगड. दगड असा गार, की पाय ठेवायला जीव होत नाही. मग पहिला तांब्या पाठीवर. पाण्याला धुराचा वास असतो आणि मला तो साबणाच्या वासापेक्षा जास्त आवडतो. दोन-तीन तांबे होईपर्यंत डोक्यात काही येत नाही. सोसायटीचं कर्ज नाही, पोरीची फी नाही, काही नाही. अंग पुसताना परत येतं सगळं, रांगेनं.

आणि यंदा यायला पुष्कळ आहे. पेरणी साधली, झाडं बरी आली, वेचणीच्या सुरुवातीला वावरात सीतादहीची, म्हणजे पहिल्या वेचणीची, पूजाही झाली. पण त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस असा लागून राहिला होता, की खालची बोंडं झाडावरच सडली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. कागदावर आकडा चांगलाच आहे. पण तो घ्यायचा तर आधी मोबाईलवर नोंदणी, मग आपला नंबर लागण्याची वाट, आणि कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. किराणा तोवर थांबत नाही. म्हणून गावात खेडा खरेदीला, म्हणजे दारात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याची, गाडी लागते तिथे आपण मुकाट्यानं गाठोडी टाकतो, आणि व्यापारी बोलेल त्या भावाला मान हलवतो. त्यातच केंद्रानं ऑगस्टात बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणून, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमकं आमचा माल घरात यायच्या दिवसांत. वेचणाऱ्या बायांची मजुरी मात्र किलोवर रोखीनं द्यावी लागते, आणि ती द्यायलाच हवी, त्यांचंही घर त्यावरच आहे.

या सगळ्यात पऱ्हाटी तेवढी भावाच्या बाहेर राहिली. कापूस सात हजारांनी जावो की सहानं, तिच्या जाळात फरक नाही. उलट यंदा बोंडं सडल्यानं वेचणी लवकर आटोपली, म्हणून दरवर्षीपेक्षा आधी जळण हाती आलं. याला सुख म्हणावं की थट्टा, मी ठरवलेलं नाही. गरम पाणी अंगावर घेताना तो प्रश्न पडत नाही, एवढं खरं. संध्याकाळी त्याच चुलीच्या निखाऱ्यात मोठं वांगं ढकलायचं, साल करपली की काढायचं, कांद्याची पात, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल, सोबत ज्वारीची भाकर. ते खाऊन बाजेवर आडवं झालं, की आपण कुणाचं देणं लागतो हे सकाळपर्यंत आठवत नाही.

दिवाळीत पुण्याहून चुलतभाऊ येतो. त्याच्याकडे गिझर आहे, बटण दाबलं की पाणी. इथल्या न्हाणीतून बाहेर आला की म्हणतो, "तुमची खरी मजा आहे रे, आम्ही काय कमावलं?" मला त्याचा राग येत नाही, पण हे वाक्य मला पटतही नाही. मी माझ्या पाण्याला, मायच्या हाकेला, वांग्याला मनातून हात जोडतो. ते माझं मी करतो. दुसऱ्यानं ते मोजून "म्हणजे तुमचं बरं चाललंय" असा हिशेब मांडला, की मात्र डोकं फिरतं. असं बोलणारे गावातही आहेत, भाषणं करणारे तर खूपच. शेतकरी समाधानी असतो म्हणे. समाधानी असला तरी त्याला भाव हवाच असतो.

आता या पऱ्हाटीवरही गंडांतर आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली, तेव्हापासून कृषी विभाग दरवर्षी सांगतो, फरदड (वेचून झालेल्या झाडांवरच पुन्हा पीक) घेऊ नका, डिसेंबरनंतर कपाशी वावरात ठेवू नका, पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचू नका. वाळक्या बोंडांत अळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच पतंग निघतात. सांगणं खरं आहे. ट्रॅक्टरचा श्रेडर आणून पऱ्हाटीचा भुगा वावरातच मिसळला तर जमिनीलाही खत होतं. मी तसं करायचं ठरवलं, आणि घरात बोललो.

"मंग पानी कायच्यावर तपवाचं?" बायकोनं विचारलं.

धुऱ्यालगतची चार तासं, म्हणजे झाडांच्या चार ओळी, ठेवतो म्हटलं. बोंडं झोडपून वेगळी जाळायची, आणि पाऊस यायच्या आत ढीग संपवायचा.

"चार तासात काय होते जी? आत्याबाईले तं होयीलोक ऊन पानी लागते. आठ ठेवा."

आत्याबाई म्हणजे माझी माय. घासाघीस होऊन सहावर मिटलं. श्रेडरवाल्याला फोन केला, सहा तासं सोडून बाकीचं वावर घे म्हणालो. तो हसला.

"सारेच असं सांगतेत भाऊ. पन भाडं पुऱ्या वावराचंच लागन."