डब्यावर आलेला मेमो

भाकरीवर शेंगाचटणी घेतली न घेतली, तोच शिपाईमामांनी पाकीट पुढं केलं. 'खुलासा करावा.' गुन्हा काय, तर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या पोरांचं मानधन सहा महिने थकलंय, असं मी फेसबुकवर लिहिलं. संस्थेचं नावसुद्धा नव्हतं त्यात. चोराच्या मनात चांदणं!

"सर, जरा दमानं," प्राचार्य म्हणाले. माणूस वाईट नाही. नोकरी त्यांनाही आहे.

पुढचा तास १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे. फळ्यावर चार नावं लिहिली. संविधानाचं कलम १९ बोलू देतं, सेवानियम तोंड धरतात, हे पोरांना सांगावं की नको? खडू हातातच राहिला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मेमो आला म्हणं?"